१७ नंबर फॉर्म भरून दहावीला बसतेय, 'शाळेतला निरोप समारंभ' कसा लिहायचा? माझा तर झालाच नाही

शिलाईवाली_सातारा

नमस्कार मंडळी. मी ४१ वर्षांची, सातारा शहरातच राहते, घरी शिलाईचं काम आहे, ब्लाउज, फॉल-पिको आणि जून आला की शाळेचे गणवेश. यंदा १७ नंबर फॉर्म भरलाय, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा, फेब्रुवारीत दहावीला बसणार. नववी पास होऊन दहावीला नाव घातलं होतं, दिवाळीपर्यंत शाळेत गेले आणि मग स्थळ आलं. पाठीवर दोन बहिणी होत्या त्यामुळं कुणाला दोष द्यावा असं काही नाही, त्यावेळी असंच व्हायचं. आता पोरगी आठवीत आहे, तिनंच मोबाईलवर बोर्डाची सगळी माहिती काढली आणि माझ्या मागं लागली.

गणिताचं टेन्शन वेगळंच आहे, त्यासाठी दुसरा धागा काढीन. इथं प्रश्न मराठीचा आहे. मराठीत आपल्याला काय अडणार असं वाटत होतं आणि नेमकं तिथंच अडलंय.

शेवटी तो ८ मार्कांचा लेखनाचा प्रश्न असतो ना, त्यात प्रसंगलेखनाला चौकट दिलेली असते, निरोप समारंभ, तारीख, वेळ, शाळेचं सभागृह, प्रमुख पाहुणे अमुक अमुक, आणि खाली 'या समारंभाला तुम्ही उपस्थित होता अशी कल्पना करून लेखन करा'. रविवारी क्लासला जाते तिथले सर म्हणाले, ताई डोकं लावू नका, गाईडमधलं पाठ करा. गाईड उघडलं तर सुरुवातीलाच मन भरून आलेलं आणि शेवटी सगळ्यांचं अंतःकरण जड झालेलं. मधे पाहुण्यांचं भाषण. पाठ केलं, पोरीला म्हणून दाखवलं, ती म्हणाली आई तू बातम्या दिल्यासारखं बोलतेयस.

आणि स्वतःचं लिहायला बसलं की डोक्यात एकच येतं, माझा निरोप समारंभ झालाच नाही. एका सोमवारी शाळेत गेले नाही आणि मग गेलेच नाही, बस. दप्तर बरेच दिवस खुंटीला होतं, मग धाकटीनं घेतलं. हे लिहिलं तर प्रश्नाला धरून होत नाही, गाईडचं लिहिलं तर हात चालत नाही. पेपर तपासणाऱ्यांना काय चालतं? कुणी सर-मॅडम असतील इथं तर सांगा. आणि ज्यांनी मोठेपणी परीक्षा दिलीय त्यांनी पण सांगा.

---

कराडचा_पोरगा

ताई सगळ्यात आधी, फॉर्म भरलात हेच भारी आहे 🙏

पण ऐका, हे एवढं मनाला लावून घेण्यासारखं काही नाही ओ. परीक्षा म्हणजे आत्मचरित्र नाही. मी दहावी करून चार-पाच वर्षंच झालीत त्यामुळं पॅटर्न डोक्यात आहे. लेखी ८०, तोंडी वगैरे धरून अंतर्गत २०, पास व्हायला ३५ लागतात. त्यात हा प्रश्न ८ चा. गाईडमधलं नीट अक्षरात लिहिलं तर निम्म्याच्या वर मार्क मिळतातच, कुणी शून्य देत नाही. त्यापेक्षा पत्र पक्कं करा, पत्राचा साचा बरोबर असला की ६ पैकी चांगले मार्क पडतात, जाहिरात आणि बातमी पण तशीच, प्रत्येकी ५. आत्मकथन पण ऑप्शनला असतं, फळा बोलतोय, घंटा बोलतेय, ते घ्या की, त्यात तुमचं स्वतःचं काही यायचा प्रश्नच नाही.

आमच्या वर्गात एकानं खरंखुरं मनातलं लिहिलं होतं सराव परीक्षेत, दोन पानं लिहिली, आणि वेळ संपला म्हणून व्याकरणाचे सोपे सोपे प्रश्न सोडून आला. भावना ठीक आहे पण घड्याळ बघा.

---

पलूसचे_मास्तर

बरीच वर्षं मराठी शिकवलंय आणि बोर्डाचे पेपरही तपासलेत, आता निवृत्त आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वर ज्यानं घड्याळ बघा म्हटलंय ते शंभर टक्के खरं. कुमारभारतीचा, म्हणजे दहावीच्या मराठीचा, पेपर असा आहे, गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६ आणि उपयोजित लेखन २४. त्या २४ मधले ८ तुमच्या या प्रश्नाचे. म्हणजे शे-सव्वाशे शब्दांत आटोपायचं, वीस मिनिटांच्या वर तिथं रेंगाळायचं नाही. पण घंटा नाहीतर फळा घ्या, तिथं स्वतःचं काही यायचा प्रश्नच नाही, हे मला पटलं नाही. फळ्याचं आत्मकथन लिहिताना पण फळ्याकडं कधीतरी बघितलेलं असावं लागतं. नाहीतर मग सगळेच फळे 'मी काळा असलो तरी ज्ञानाचा प्रकाश देतो' असंच बोलतात. गठ्ठा तपासताना हे वाक्य आलं की पुढचं न वाचता कळतं काय येणारे. मार्क देतोच आम्ही, कापत नाही, पण जे मधले मार्क ठरलेले असतात तेच पडतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. चौकटीत जी माहिती दिलीय ती लेखनात आलीच पाहिजे. तारीख, ठिकाण, पाहुणे. आणि तुम्ही तिथं हजर आहात हे धरूनच लिहायचं. 'माझा निरोप समारंभ झाला नाही' असं लिहिलंत तर ते कितीही चांगलं उतरलं तरी तपासणाऱ्याचा नाइलाज होतो, कारण विचारलं एक आणि तुम्ही लिहिलं दुसरं. ते वहीत लिहा, इथं लिहा, जरूर लिहा, पण उत्तरपत्रिकेत नको.

पण ताई, प्रश्नात 'कल्पना करून' असं स्पष्ट म्हटलंय. कुणी तुमच्याकडं हजेरीपट मागत नाही. आणि कल्पना करायची म्हणजे गाईडवाल्यांनी केलेलीच करायची असं कुठंय? तुम्ही गणवेश शिवता म्हणालात. समारंभात दहावीची सगळी पोरं गणवेशात बसलेली असतात. दहावीचं वर्ष संपता संपता त्या गणवेशाचं काय झालेलं असतं हे मला सांगता येणार नाही, तुम्हाला येईल. तिथून सुरू करून बघा. सात-आठ ओळी लिहा आणि इथं टाका, बघू.

---

सांगलीकर_७४

मास्तरांशी सहमत पण थोडं अजून ताणतो, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे आणि घरात कुणी ऐकून घेत नाही 😄

आमच्या शाळेची स्मरणिका निघाली, माजी विद्यार्थ्यांकडून लेख मागवले, आणि संपादक मंडळात माझं नाव घातलं कारण निवृत्त माणूस रिकामा असतो असा समज आहे. लेख आले भरपूर. काढून वाचायला लागलो तर प्रत्येकात छडी, प्रत्येकात एक कडक पण मनानं लोण्यासारखे मऊ गुरुजी, प्रत्येकात शाळेमागचं झाड, चिंच नाहीतर बोर. आमच्या शाळेमागं कधीच चिंच नव्हती हो, गटार होतं. पण लिहिणाऱ्याला खात्रीच की चिंच होती! माणसं शाळेबद्दल लिहायला बसली की शाळा आठवत नाहीत, शाळेबद्दल वाचलेलं आठवतात असं माझं मत झालंय.

एकाच लेखानं मला थांबवलं. तो आमच्या शिपायाच्या मुलानं लिहिला होता. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं ते वर्ष. पाणी ओसरल्यावर बापलेक शाळा उघडायला गेले त्याबद्दल होता. बाकं एकमेकांवर चढून बसली होती म्हणे, काही बाकं दाराला अशी टेकली होती की दार आत ढकलता येईना, शेवटी खिडकीचे गज काढून हा आत उतरला. फळ्यावर पुराआधीच्या शेवटच्या तासाचं गणित, त्याचा वरचा भाग तसाच राहिलेला आणि खालचा पाण्यानं नेलेला, मधे चिखलाची सरळ रेघ. हजेरीपट उन्हात पसरून एकेक पान सुटं करताना नावं पुसली जाऊ नयेत म्हणून बाप पानावर फुंकर घालत होता. लेखात गुरुजी नाहीत, संस्कार नाहीत, डोळ्यात पाणी नाही. मंडळातल्या काहींना तो 'जरा कोरडा' वाटला आणि मागच्या पानावर ढकला म्हणाले. मी भांडलो. तरी मागच्याच पानावर गेला, असो.

तर ताई, मास्तर म्हणतायत ते गणवेशाचं धरून ठेवा. आणि कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांचं एखादं वाक्य पहिल्या ओळीत घालायचा मोह टाळा, साताऱ्याकडच्या पोरांच्या लेखनात ते फार असतं. अण्णांनी १९१९ ला काल्याला रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, एवढं सगळं खरोखर घडलेलं असताना लोक नुसतं 'थोर समाजसुधारक' लिहून पुढं जातात याचा मला राग येतो.

---

माई_वाई

मी पण पन्नाशीच्या आत-बाहेर असताना १७ नंबरनंच बारावी केली, म्हणून लेखनाचं सोडून दुसरंच सांगते जे कुणी सांगत नाही. बोटं. तीन तास सलग लिहायची सवय आपल्याला नसते. मोबाईलवर टाईप करतो, फारतर किराणाची यादी लिहितो. माझं पहिल्या पेपरला दीड तासानंतर अक्षर असं तिरकं व्हायला लागलं की मलाच वाचता येईना. आजपासून रोज एक पान हातानं लिहायला घे, काहीही, पेपरमधली बातमी उतरव पाहिजे तर. तू शिलाई करतेस म्हणजे बोटात ताकद असेल पण पेन धरायचे स्नायू वेगळेच असतात बाई.

दुसरं, परीक्षेला तुझ्या पुढंमागं सोळा वर्षांची पोरं बसतील, ती बघतील, एखादी काकू म्हणेल. म्हणू दे. माझ्या हॉलमधल्या सुपरवायझर मॅडम मला पर्यवेक्षकच समजल्या आणि म्हणाल्या तुमचा ब्लॉक वरच्या मजल्यावर आहे. हॉल तिकीट दाखवलं तेव्हा कुठं त्यांनी बसू दिलं. नंतर चहाला त्याच मला शोधत आल्या.

आणि आपल्या नायगावच्या सावित्रीबाई लग्नानंतरच शिकल्या की, त्यांचं माहेर आपल्याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. पण हे निबंधात घालू नको, वरचे काका रागावतील 😀

---

शिलाईवाली_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. माई, तुमचं पेनचं खरं आहे, काल एक पान लिहिलं तर अंगठा दुखायला लागला.

मास्तर, गणवेशाचं म्हणालात ते डोक्यात राहिलं. सांगते काय होतं ते. आठवीत पोरगं फुल पँटवर येतं. आई घेऊन येते आणि हमखास म्हणते, वाढीव शिवा, तीन वर्षं गेली पाहिजेत. मग मी मोहरीला, म्हणजे पँटच्या खालच्या काठाला, आत चांगली माया (जादा कापड) ठेवते आणि हातशिलाईनं दुमडते, म्हणजे उसवायला सोपं जातं. नववीच्या जूनला ती पँट परत येते, एक दुमड सोडायची. दहावीला परत येते, दुसरी सोडायची. त्यानंतर आत कापडच उरत नाही. आणि आत जे कापड होतं त्याला ऊन लागलेलं नसतं, त्यामुळं खालची पट्टी नवी दिसते आणि वरची पँट विटलेली, मधे जुन्या दुमडीची रेघ. इस्त्रीनं जात नाही ती, व्हिनेगर लावलं तर थोडी कमी होते. निळ्या पँटला जास्त दिसते, खाकीला कमी.

यावरून लिहिलंय, हसू नका:

'दिनांक १० फेब्रुवारी रोजी सकाळी दहा वाजता आमच्या शाळेच्या सभागृहात निरोप समारंभ झाला. आम्ही दहावीचे सर्व पुढच्या रांगांत बसलो होतो. माझ्या पुढे बसलेल्या मुलाच्या पँटला खाली दोन रेघा होत्या. आठवीत शिवलेली पँट त्याच्या आईने दोनदा उसवून खाली सोडली होती. तरीसुद्धा ती घोट्याच्या वर आली होती. मुलींच्या बाह्या मनगट सोडून वर सरकल्या होत्या. प्रमुख पाहुणे म्हणाले, "मुलांनो, आता तुम्ही मोठे झालात." ते आम्हाला कपड्यांनी आधीच सांगितलं होतं. नववीच्या मुलींनी प्रत्येकाला पेन दिलं आणि गुलाबाचे फूल दिले. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या परीक्षेला हाच गणवेश घालून या, नवीन शिवू नका. सगळे हसले. माझे मन अगदी भरून आले आणि जड अंतःकरणाने आम्ही सर्वांनी शाळेचा निरोप घेतला.'

शेवट जमेना म्हणून गाईडचाच लावला.

---

कराडचा_पोरगा

ओके मी गप्प. कपड्यांनी आधीच सांगितलं होतं हे जबरी आहे. माझी पण पँट अशीच होती, मला वाटायचं ती डिझाईन आहे 😂

तरी पत्र आणि बातमी आधी लिहा, हे शेवटी. एवढं माझं ऐका.

---

पलूसचे_मास्तर

ताई, हे चांगलं झालंय. आता मास्तर म्हणून लाल पेन काढतो.

तारीख, वेळ, ठिकाण पहिल्याच वाक्यात आलं, तपासणारा तिथंच खूश होतो कारण त्याला शोधावं लागत नाही. पाहुण्यांचं नाव चौकटीत दिलेलं असेल, ते घाला, नुसतं 'प्रमुख पाहुणे' नको. 'सांगितलं होतं', 'पेन दिलं' आणि पुढं लगेच 'गुलाबाचे फूल दिले' अशी मिसळ झालीय. एक तर सगळीकडं दिलं-केलं, नाहीतर सगळीकडं दिले-केले. परीक्षेत दुसरं धरा, वाद नको. आणि पेन दिलं, फूल दिलं असं दोनदा कशाला, 'पेन आणि गुलाबाचे फूल दिले' एवढंच पुरे, एक शब्द वाचतो.

'त्याच्या आईने दोनदा उसवून' याला मी हात लावणार नाही. 'दोन रेघा' आधी आणि कारण नंतर हा क्रम पण तसाच ठेवा.

शेवटचं वाक्य काढून टाका. मन भरून आलं हे लिहिल्यानं कुणाचं मन भरत नाही. 'सगळे हसले' इथं थांबलात तरी चालेल, पण चौकटीत आभारप्रदर्शन, अल्पोपाहार असं काही दिलेलं असेल तर एका वाक्यात ते घाला. 'आभार मानल्यानंतर आम्ही पोहे खाल्ले आणि पाहुण्यांच्या सह्या घ्यायला गर्दी केली.' असलं काहीही. साधं.

एक लक्षात ठेवा मात्र, परीक्षेत निरोप समारंभच येईल असं नाही. वृक्षारोपण येईल, क्रीडा महोत्सव येईल, विज्ञान प्रदर्शन येईल. हे पाठ करून तेच तिथं डकवू नका. प्रत्येक वेळी तुमची नजर कुठं जाईल एवढाच विचार करायचा. क्रीडा महोत्सव आला तर ट्रॅकपँटचं इलॅस्टिक आहेच.

---

शिलाईवाली_सातारा

इलॅस्टिकचं मला सांगूच नका मास्तर, नाडी घाला म्हणून किती सांगते पण पोरांना लाज वाटते, मग पळताना एका हातानं धरतात.

पोरीनं वाचलं. ती म्हणाली आई यात तू कुठं बसलीयस? मी म्हटलं त्या मुलाच्या मागं. तिला काय कळलं कुणास ठाऊक, पण बरं वाटलं.

अजून एक सांगायचं राहिलं. फॉर्मसाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो म्हणून यंदा माझ्या जुन्या शाळेत गेले होते. लग्नात कुणी दाखला काढलाच नव्हता. क्लार्क भाऊंनी जाड रजिस्टर काढलं, वर्ष विचारलं आणि बोट फिरवत आले माझ्या ओळीपर्यंत. माहेरचं नाव, जन्मतारीख, सगळं शाईनं लिहिलेलं. वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याचं कारण, सतत गैरहजर. मी ते बराच वेळ बघत बसले, मग भाऊ म्हणाले ताई फोटो काढायचा नसतो याचा. मी काढतही नव्हते. हे कधीतरी लिहायचंय, परीक्षेत नाही.

---

सांगलीकर_७४

आता हे लिहा! स्मरणिकेला मी हाच लेख पहिल्या पानावर घेतला असता आणि या वेळी भांडण जिंकलो असतो.

ते जनरल रजिस्टर शाळेला कायम जपावं लागतं, बाकीचे कागद रद्दीत जातात पण ते नाही. तुमच्या साताऱ्यातच प्रतापसिंह हायस्कूलला जाऊन विचारा, ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद आहे तिथं, १९१४ नंबरला, भिवा रामजी आंबेडकर, इंग्रजी पहिलीत प्रवेश. त्यावेळी ते गव्हर्न्मेंट हायस्कूल होतं. त्याच तारखेला आता राज्यात विद्यार्थी दिवस असतो. ते रजिस्टर टिकलं म्हणूनच तो दिवस कळला. कुणीतरी कारकुनानं त्या दिवशी बाकीच्या पोरांसारखंच एक नाव लिहिलं आणि पुढची ओळ घेतली असणार.

एक सुचवतो. 'सतत गैरहजर' हे ज्यांनी लिहिलं ते वर्गशिक्षक रोज हजेरी घेत असणार. तुम्ही गेला नाहीत त्या सोमवारी तुमचं नाव पुकारलं गेलं असेल, दुसऱ्या दिवशी पण. वर्गात कुणी काय उत्तर दिलं असेल? तुमच्या बाकावरची मैत्रीण अजून संपर्कात असेल तर तिला विचारा. तिला आठवत असेल. माझ्या वर्गातल्या एकाच्या नावापुढची हजेरीतली खाडाखोड मला पन्नास वर्षांनी आठवते, लेखात घालता आली असती, घातली नाही, कारण तो वाचेल म्हणून.

---

शिलाईवाली_सातारा

आहे ना, कोरेगावला दिलीय, फोन असतो कधीमधी. हा विचारच कधी केला नव्हता काका. विचारते.

---

दुष्काळी_जत

लई भारी धागा. मी मधेच घुसतोय, माफी असावी, पण माझ्या बायकोला बी हे करायचंय. तिची आठवी झालीय, पुढं शाळा लांब म्हणून बंद. तिला डायरेक्ट दहावीला बसता येतंय का? आन दाखला हरवलाय, शाळा कर्नाटकच्या हद्दीतली, मराठीच होती पण तिकडची. आमी जत तालुक्यात ऱ्हातो. का आता काय उपयोग न्हाई?

---

माई_वाई

उपयोग आहे की, विचारतोयस ते बरं केलंस. आठवी झालेली असेल तर १७ नंबरनं दहावीला बसता येतं, मधली नववी करायची गरज नाही. सांगली, सातारा, कोल्हापूर तिन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात. फॉर्म ऑनलाईन असतो, पावसाळ्यात सुरू होतो, त्यामुळं या वर्षीची वेळ गेली, पुढच्या वर्षाची तयारी आत्ताच कर. भरताना तालुक्यातल्या शाळांच्या यादीतून एक शाळा निवडायची असते, मग प्रिंट आणि मूळ कागद त्या शाळेत नेऊन द्यायचे. तोंडी परीक्षा वगैरे पण त्याच शाळेत होते म्हणून घराजवळची निवड, उगाच तालुक्याची मोठी नको.

दाखल्याचं, आधी तिच्या जुन्या शाळेत जाऊन दुसरी प्रत मागा. हद्द कुठलीही असो, शाळा चालू असेल तर रजिस्टर असणारच. जाताना तिलाच बरोबर घेऊन जा, तू एकटा गेलास तर प्रश्न जास्त विचारतील. माहेरचं नाव, शाळेत घातल्याचं वर्ष आणि सोडल्याचं वर्ष कागदावर लिहून ने. नाहीच मिळाला तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं, पण परराज्यातली शाळा म्हणून तुझ्या निवडलेल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आधी कागद दाखव, फॉर्म भरल्यावर नाही.

---

दुष्काळी_जत

लई उपकार माई. तिला वाचून दाखवतो सगळं. ती म्हणती मराठी जमंल, इंग्रजीचं काय ते विचार.

---

कराडचा_पोरगा

इंग्रजीचा वेगळा धागा काढा दादा, मी येतो तिथं. पत्राचा साचा तिकडं पण कामाला येतो 😄